उसना हात

१४ जून १९८६, शनिवार. पहाटे कडाक्याची थंडी, तळ्यावर धुकं. पहिला कोंबडा आरवल्यावर थोड्याच वेळात उंबा वारली. तिची मुलगी नुंबी स्वतः सांगायला आली. दुपारी पुरलं. फादर येऊ शकले नाहीत, त्यांची मोटरसायकल बंद आहे. उंबाची लाकडाची बाई तिच्याबरोबर खड्ड्यात ठेवली. एका बाजूने मी धरली होती, दुसऱ्या बाजूने मासेंगोने.

आम्हाला रोजची वही लिहायला मिशनच्या शाळेत सिस्टर गोदलीव्हनी शिकवलं. त्या म्हणायच्या, "काय झालं ते वहीत लिहा. काय वाटलं ते देवाला सांगा." पन्नास वर्षं मी तसंच करत आले. त्यामुळे माझ्या वह्यांत पाऊस आहे, आजारपणं आहेत, कोणाच्या घरी काय जन्मलं ते आहे, कोंबडी किती अंड्यांवर बसली तेही आहे. आणि १९ ऑगस्ट १९५४ च्या पानावर एवढंच आहे: "सकाळी उंबाकडे. मासेंगो गावातच राहणार. साबण संपला."

मासेंगोला गावाबाहेर काढायचं की राहू द्यायचं, आणि तिचं दीड वर्षाचं पोर तिच्याजवळ राहणार की दिराच्या घरी जाणार, हे त्या सकाळी माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर येऊन ठेपलं होतं. वहीत ते नाही.

आज माती टाकून परत येताना नुंबी म्हणाली, "मास्तरीणबाई, आईबद्दल चार ओळी लिहून द्या ना. माझी पोरं शहरात वाढली. आजी मडकी करायची, याच्यापलीकडे त्यांना काही माहीत नाही."

मी हो म्हटलं. घरी येऊन कागद घेतले, आणि लक्षात आलं की ते एक पान टाळून उंबाबद्दल लिहिता येत नाही.

या तळ्याकाठच्या गावी, काटोंबोला, मी १९४६ साली आले. माझे यजमान काझादी मास्तर इथल्या दोन वर्गांच्या शाळेवर नेमले गेले होते. माझं माहेर दूर, गवताळ माळावर. तळ्याच्या काठचं मला काही कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पाण्याचं मडकं हवं म्हणून बायकांनी मला उंबाकडे पाठवलं. ती तेव्हा पस्तिशीची असेल. उंच नव्हती, पण खांदे रुंद. मांडीशी फुटक्या घागरीची खापरी ठेवून ती त्यावर मातीची वळी चढवत होती. वर न बघताच म्हणाली, "मास्तरांची बायको का? मडकं पाणी प्यायला हवंय की भिंतीवर टांगायला?"

"पाणी प्यायला."

"मग हा ओला काठ दाब जरा. अंगठ्याने. अजून. अजून. बस."

मी दाबला. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि शेजारच्या बायकांना सांगितलं, "हात हलका आहे हिचा. शाळेत बसून वाया गेला."

उंबाला हाताचा दाब कळायचा. बाजारात मांडलेल्या वीस मडक्यांतून कुठलं कुणी केलंय, ते ती डोळे मिटून, नुसती पोटावरून बोटं फिरवून सांगायची. एवढंच नाही, तर ते घडवताना करणारीचं घरी भांडण झालं होतं की नाही, तेही. बायका हसायच्या, आणि मग गप्प व्हायच्या, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं.

जिला धरून ती मेलेल्यांना प्रश्न विचारायची त्या लाकडाच्या बाईने हा हात तिला दिला, असं गावात म्हणत. ती म्हणायची उलटं आहे, मातीने दिला.

तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. नवरा न्दाला, कोळी. दुसऱ्याच वर्षी लव्हाळ्यात पाणघोड्याने त्याची डोण उलटवली. त्यानंतर एक पूर्ण कोरडा हंगाम उंबा अंथरुणावर होती. खात नव्हती, कुणाला ओळखत नव्हती. न्दाला स्वप्नात यायचा आणि म्हणायचा, मला बोलायचंय, हातात काहीतरी धर. शेवटी तिची आत्या काबेदी दोन दिवस चालत आली आणि तिने आपल्याजवळची लाकडाची बाई उंबाच्या हातात दिली. आत्या स्वतः तीस वर्षं ती धरत आली होती. उंबा त्या दिवशी मक्याच्या पिठाच्या बुकारीचा अख्खा गोळा जेवली.

"मेलेल्या नवऱ्याला कामाला लावलं मी," ती पुढे सांगायची. "जिवंत होता तेव्हा एक लाकूड फोडून देत नव्हता मेला."

पुढे तिने दुसरं लग्न केलं, नुंबी त्याची. पण चटईवर बसली की आधी नाव न्दालाचंच घ्यायची.

ती लाकडाची बाई वीतभर होती. वर डोकं, मागे बांधलेले केस कोरलेले, डोळे अर्धे मिटलेले. खाली शरीराच्या जागी नुसती चौकट, मधून आरपार पोकळ. त्या पोकळीत एका बाजूने उंबा दोन बोटं घालायची, समोरून विचारायला आलेला माणूस. दोघांच्या बोटांनी आतली कडा इतकी झिजली होती की तळ्यातल्या गोट्यासारखी लागायची. खाली चटई. डोळ्यांच्या कडांना पांढरी माती लावून उंबा मेलेल्यांची नावं घ्यायची आणि प्रश्न विचारायची, असा की उत्तर हो किंवा नाही एवढंच यावं. मग लाकूड चालू लागायचं. चटईवर घासून त्याचा 'शेके शेके' असा आवाज यायचा, म्हणूनच आमच्याकडे त्याला काशेकेशेके म्हणतात. गोल फिरलं तर हो. सरळ पुढेमागे गेलं तर नाही.

आणि एक नियम. कुणीही ढकलायचं नाही. लाकूड आपण होऊन चालतं तेव्हा हलकं लागतं, पाण्यावरच्या सालपटासारखं. माणसाने ढकललं की जड होतं. समोरच्याने ढकललं असं वाटलं की उंबा काही बोलायची नाही, लाकडाच्या बाईला चटईवर उपडी ठेवायची. उपडी ठेवली की बैठक संपली. आपली बायको कुणाकडे जाते हे विचारायला एकदा मुटेबा नावाचा एक माणूस आला होता. त्याने इतक्या जोराने गोल फिरवलं की लाकूड चटईवरून सुटून शेळ्यांत जाऊन पडलं.

"ती नाही चालली, तू चाललास," उंबा म्हणाली. "उत्तर घरूनच बांधून आणलं होतंस, तर सकाळी सकाळी मला उठवलंस कशाला? जा, बायकोलाच विचार. ती ढकलणार नाही, मारेल."

हे मी ऐकून लिहिते आहे. मी मडक्यांसाठी तिच्या अंगणात तासन् तास बसायचे, पण चटई पसरली की उठायचे. आम्ही शाळेतल्या मुलींनी देवळात हात वर करून शपथ घेतली होती की असल्या लाकडांना शिवणार नाही. उंबाला ते माहीत होतं. मी उठले की ती म्हणायची, "जा जा. सिस्टर तळ्यापलीकडून बघतायत. त्यांचे डोळे लांबचे आहेत."

१९५४ च्या कोरड्या हंगामात बान्झा मेला. गावात सर्वांत मोठं जाळं त्याचं होतं. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी खोकल्यातून रक्त, पाचव्या दिवशी गेला. त्याची बायको मासेंगो पलीकडच्या तीरावरची. तिची आधीची दोन पोरं रांगायच्या आतच गेली होती. तिसरी मुलगी पाठीवर बांधलेली. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, "आधी पोरं खाल्ली, आता नवरा." मासेंगो काही उत्तर देत नसे. ती मुळातच कमी बोलणारी, पण आता लोक तेच तिच्याविरुद्ध मोजू लागले. "बघा, तोंड उघडत नाही. उघडलं तर दात दिसतील."

बान्झाचा थोरला भाऊ किसिंबा. वाईट माणूस नव्हता. धाकट्याला त्याने खांद्यावर वाढवलं होतं. त्याला आतून जळत होतं आणि त्या जळण्याला एक नाव हवं होतं. तो उंबाकडे गेला. लाकडाची बाई गोल फिरली असती, तर त्याच दिवशी मासेंगोला एका डोणीत बसवून तळ्यात सोडलं असतं. मुलगी बापाच्या घराण्याची, ती इथेच राहिली असती. नवऱ्याला खाणारी म्हणून हाकललेल्या बाईला माहेरचेही दारात उभं करत नाहीत. अशा बायकांचं काय होतं ते आम्ही सगळे जाणून होतो, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे.

किसिंबा दोन सकाळी बसला. दोन्ही वेळा उंबाने लाकूड उपडं ठेवलं.

"तुला काय दिलंय तिने?" तो ओरडला. हे मी माझ्या अंगणातून ऐकलं. "मासे दिले? काय दिलं?"

"बाबा किसिंबा," उंबा म्हणाली, "तुझा हात थरथरतोय. मला उत्तर नको असं नाही. तुझ्या हाताने येत नाही, एवढंच."

"मग दुसरा हात देतो."

अशी रीत आहे, पण क्वचितच कुणी ती वापरतं. विचारणाऱ्याचा हात स्थिर नसेल तर त्याने हात उसना घ्यावा. तो माणूस दोन्ही बाजूंचा नातलग नसावा. सकाळी काही न खाता तळ्यात अंघोळ करून यावं, आणि लाकूड खाली ठेवेपर्यंत बोलू नये. जे उत्तर येईल ते मग विचारणाऱ्याला बांधतं, कारण हात त्यानेच निवडलेला असतो. काटोंबोमध्ये कोण कुणाचा नातलग नाही? किसिंबा अंगणात उभा राहून सगळीकडे बघत होता. मग त्याने शेजारच्या अंगणात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"मास्तरीणबाई. तिचं इथं कुणी नाही. आणि तिला सिस्टरांनी खोटं बोलायला शिकवलेलं नाही."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "तिला लाकडाला शिवायलाही शिकवलेलं नाही." पण किसिंबा हसला नाही.

संध्याकाळी मी यजमानांना विचारलं. ते वह्या तपासत होते. मिशनच्या कानावर गेलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. ते बराच वेळ लाल पेन्सिलीला टोक काढत बसले. शेवटी म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर तो दुसरा कुणी आणेल. कुणाला आणेल ते तुला माहीत आहे, त्याच्या मनासारखं फिरवेल असाच." त्याहून जास्त ते बोलले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावर अंघोळ केली. पाणी बर्फासारखं होतं. उंबाच्या अंगणात चाळीसेक माणसं होती, पण खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता. मासेंगो चटईपासून चार हातांवर बसली होती. डोकं भादरलेलं, अंगाला राख. मुलगी पाठीवर झोपलेली, गाल आईच्या पाठीला चिकटून चपटा झालेला, तोंड उघडं. मासेंगो जमिनीकडे बघत होती. मी आल्यावरही तिने वर पाहिलं नाही.

मी बोटं आत घातली. समोरून उंबाची बोटं. ती थंड होती, मातीत काम करणाऱ्यांची असतात तशी. तिने न्दालाचं नाव घेतलं, आत्याचं घेतलं, बान्झाच्या बापाचं, आजोबाचं. मग बान्झाला हाक मारून विचारलं, "तुला मासेंगोने खाल्लं का?"

आधी काही झालं नाही. मग लाकूड हललं. मी हलवलं नव्हतं. हे मी आज बत्तीस वर्षांनी लिहिते आहे, आणि ते खरं आहे. खरंच हलकं होतं. पुढे गेलं, थोडं मागे आलं, पुन्हा पुढे. चटईवर तो आवाज. मला वाटलं, सरळ चाललंय, आता संपेल.

आणि मग ते वळू लागलं. डावीकडे, हळूच, वाळूत ओहोळ वळतो तसं. ते कुणी वळवत होतं का, मला कळलं नाही. उंबाची बोटं सैल होती. माझीही होती. वर्तुळाचा चौथा भाग झाला असेल.

माझ्या बोटांनी ते सरळ केलं.

जोर लागला नाही. दाराची सरकलेली कडी आपण जाता जाता नीट करतो, तेवढाच. पण लाकूड जड झालं. क्षणात, हातात दगड आल्यासारखं. उंबाने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ती आता ते उपडं ठेवणार, मग किसिंबा आणखी कुणाला आणणार, एवढं माझ्या मनात येऊन गेलं. तिने एकदा मासेंगोकडे पाहिलं. मग पुन्हा डोळे मिटले, आणि आम्ही दोघींनी ते लाकूड पुढेमागे, पुढेमागे नेलं. पाच वेळा. मी मोजलं.

"नाही म्हणते," उंबा म्हणाली.

किसिंबाने उत्तर मानलं. हात त्याचाच होता. मग तो उठला, पाण्याचा तुंबा भरून आणला, आणि स्वतःच्या हाताने मासेंगोला पाजलं. पाणी पिताना ती रडू लागली तेव्हा कुठे पाठीवरची मुलगी जागी झाली.

त्याच दुपारी उंबाने लाकडाच्या बाईला एका लहान मडक्यात ठेवलं आणि मडक्याचं तोंड ओल्या मातीने बंद केलं. विचारायला येणाऱ्यांना ती सांगायची, बोटं आखडली, आता धरवत नाही. लोक पलीकडच्या तीरावरच्या माणसाकडे जाऊ लागले. तिच्या चुलीवरच्या मांडवावर पूर्वी विचारणाऱ्यांनी आणलेल्या माशांच्या जुड्या लटकत असायच्या, तो रिकामा पडला. पूर्वी वाटेत लोक तिला आधी नमस्कार करायचे, नंतर तीच आधी करू लागली. आणि ज्या बोटांनी धरवत नाही म्हणायची, त्याच बोटांनी ती परवाच्या मे महिन्यापर्यंत मडकी घडवत होती. हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, कुणास ठाऊक. की आलं होतं.

ऑक्टोबरमध्ये सिस्टर गोदलीव्ह आल्या. उंबाने लाकूड सोडलं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मीच तिला समजावलं असा त्यांचा समज झाला. सगळ्या बायकांसमोर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि येशूच्या पवित्र हृदयाचं एक चौकटीतलं चित्र मला बक्षीस दिलं. उंबा मागे उभी होती. मी ते घेतलं. आभार मानले. चित्र अजून भिंतीवर आहे, काच एका कोपऱ्यात तडकली आहे.

त्या सकाळबद्दल उंबा आणि मी बत्तीस वर्षांत एक शब्दही बोललो नाही. रोज भेटायचो. यजमान गेले तेव्हा ती महिनाभर माझ्या चटईशेजारी झोपली. माझ्या वह्यांची ती थट्टा करायची: "आज काय लिहिणार, मास्तरीणबाई? उंबा दोनदा शिंकली, तेही लिहा. तिसरी येणार होती, पण तुम्ही बघत होतात म्हणून राहिली." पण तिकडे आमच्यापैकी कुणी वळलं नाही.

एक जूनला, रविवारी, मी तिला पेज भरवायला गेले. नुंबी पाण्याला गेली होती. दोन चमचे घेतल्यावर उंबाने माझं मनगट धरलं.

"हात अजून हलका आहे," ती म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, "उंबाआई, तुला कळलं होतं."

"मला मडक्याच्या काठावरचा कळतो दाब. तो नाही कळणार?"

"मग उपडी का नाही ठेवलीस?"

तिचा अंगठा माझ्या मनगटावरून फिरला. मग म्हणाली, "पोर पाठीवर झोपलं होतं ना."

"आणि नंतर पुन्हा कधी धरली नाहीस. माझ्यामुळे."

"तू एकदा ढकललंस. मी पाच वेळा. ढकलणाऱ्याला मी घरी पाठवते. स्वतःला कुठे पाठवू? मडक्यात ठेवली." मग तिला थोडं हसू आलं. "तुला मात्र चित्र मिळालं."

मला जे विचारायचं होतं ते मी तेव्हाही विचारणार नव्हते. पण तोंडातून गेलंच. "ती वळत होती, उंबाआई. वळत होती म्हणजे मग मासेंगोने..."

तिने मनगट सोडलं. "ते मी न्दालाला विचारलेलं नाही. बत्तीस वर्षं विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. पेज दे, थंड झाली असेल."

थंड झाली होती. मी पुन्हा गरम करून आणली.

आज दुपारी नुंबीने ते मडकं फोडलं. आतली लाकडाची बाई कोरडी होती, एका कानाला कीड लागलेली. आमच्याकडे तिला खड्ड्यात ठेवतानाही दोघांनी धरावं लागतं, आणि मेलेलीशी नातं नसलेल्या दोघांनी. नातं नसलेले जे थोडे होते तेही दोन पावलं मागे सरले. तरुण पोरांना भीती वाटते, म्हाताऱ्यांना जास्त.

"मी धरते," मासेंगो म्हणाली. साठी ओलांडली आहे तिने, गुडघे गेले आहेत, तरी ती पुढे आली. "माझं तिच्याशी नातं नाही. आणि या लाकडाच्या बाईनेच मला इथं ठेवलंय. दुसऱ्या बाजूने मास्तरीणबाई धरतील."

मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "बरोबर आहे. त्या दिवशीही तीच होती."

आम्ही दोघी खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसलो. मी बोटं आत घातली. समोरून मासेंगोची बोटं आली, माशांच्या काट्यांनी चिरलेली, खरखरीत. आम्ही लाकूड खाली नेऊ लागलो. मी त्याच्याकडे बघत होते. ते वळलं नाही. सरळ खाली गेलं, उंबाच्या हाताशी टेकलं. पण माझ्या बाजूने ते जड होतं. मनगट दुखेपर्यंत जड.

कपड्यांवरची माती झटकत मासेंगो म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, केवढी जड असेल ती. काहीच वजन नाही हो."

मी म्हटलं, "वाळलेलं लाकूड आहे."

"हो, तेच." मग ती म्हणाली, "तुम्ही आज काही खाल्लं नसेल. मी मांगूर सुकवलेत, नातीबरोबर पाठवते."

तिची मुलगी, ती त्या दिवशी पाठीवर झोपलेली, आता चार पोरांची आई आहे. किसिंबाने शेवटपर्यंत तिला लेकीसारखं वागवलं. तिच्या लग्नात तो सर्वांत जास्त नाचला होता.

नुंबीला द्यायच्या चार ओळी मी वेगळ्या कागदावर लिहिल्या. त्यात आहे: उंबा, काटोंबोची, जन्मसाल नक्की नाही. मडकी उत्तम करायची. मातीवरून माणूस ओळखायची. थट्टेखोर होती. तरुणपणी लाकडाची बाई धरायची, पुढे तिने ते सोडलं. कुणाला फसवलं नाही. शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहून तसंच ठेवलं.

हे कागद मासेंगो आहे तोवर १९५४ च्या वहीत राहतील.

काय वाटतं ते सिस्टरांनी देवाला सांगायला सांगितलं होतं. तेवढं मी आज सांगेन. वहीत आजच्या नोंदीखाली लिहिलं आहे:

संध्याकाळी मासेंगोची नात सुके मासे देऊन गेली. त्यातले दोन पामच्या तेलात शिजवून जेवले. मीठ जरा जास्त झालं.